‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असं किती दिवस सांगू?

मावशी, मी २९ वर्षांची. आयटी पार्कजवळच्या एका छोट्या गेम पब्लिशिंग कंपनीत पावणेपाच वर्षं आहे. बाहेरचे डेव्हलपर गेम बनवतात; टेस्टिंग, ट्रेलर, लाँच आम्ही बघतो. चौदा जण होतो, आठ उरलो. गुंतवणूकदाराने हात काढून घेतला, दोन पगार थकले. पण डेव्हलपरांची रॉयल्टीही (विक्रीतला त्यांचा वाटा) थकली आहे आणि त्यांचे फोन मला घ्यावे लागतात. सर म्हणतात, “सांग नं, पुढच्या आठवड्यात पाठवतो.” चार महिने तेच सांगतेय. त्यातला एक मुलगा अमरावतीचा, दोन वर्षं एकट्याने खपून गेम केलेला. आता तर तो चिडतही नाही, नुसतं “बरं ताई” म्हणतो. सरांनी मला पहिली नोकरी दिली, बाबांच्या बायपासला न मागता पैसे दिले. सोडून जाणं बेइमानी वाटते. रात्र रात्र झोप नाही.
— एक वाचक, प्रतापनगर

अगं, स्वतःचा पगार तू दोन शब्दांत उरकलास आणि त्या मुलाच्या “बरं ताई”पाशी थांबलीस. झोप कशाने उडाली आहे, ते तुझ्याच पत्रात आहे.

तुला ठाऊक असलेलीच गोष्ट एकदा मांडते. स्टीम, म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, विक्रीतले साधारण ३० टक्के स्वतःकडे ठेवतं आणि बाकीचे पुढच्या महिन्यात पब्लिशरच्या खात्यात जमा करतं. म्हणजे त्याच्या गेमचे पैसे आलेले आहेत. ते भाड्यात गेले असतील, कदाचित तुमच्याच एखाद्या पगारात. करारानुसार आधी दिलेला अ‍ॅडव्हान्स अजून त्याच्या वाट्यातून वसूल व्हायचा असेल, तर त्याला आज काही देणं निघणार नाही. पण मग तसा हिशेब त्याच्या हातात पडायला हवा. सर लबाड आहेत असं मी म्हणत नाही. २०२३पासून या धंद्यात जगभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, भलेभले स्टुडिओ बंद पडले. तरी तंगी कंपनीची आहे आणि त्या मुलाचा वाटा कंपनीचा नाही.

बायपासच्या वेळचं ऋण मोठं आहे, ते विसर असं मी कधीच सांगणार नाही. पण ते ऋण तुझं आहे, आणि गेले चार महिने तू ते त्या मुलाच्या पैशातून फेडते आहेस. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, तरी लिहिते.

राजीनाम्याची घाई नको. नोकरी सोडताना कंपनीने द्यायची ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं भरल्यावर मिळते. तुझी पाच वर्षं व्हायला तीन महिने राहिलेत आणि ग्रॅच्युइटीचा कायदा एकदा दहा माणसांमुळे लागू झाला की पुढे माणसं घटली तरी लागूच राहतो. मूळ पगार चाळीस हजार धरला तर पाच वर्षांचे साधारण १ लाख १५ हजार होतात. कंपनीच रिकामी झाली तर ते वसूल करणं अवघड जाईल, हेही लक्षात ठेव. म्हणून बाहेर अर्ज आजपासून टाक. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, थकबाकीचे ईमेल घरी नीट ठेव. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. वेळ आलीच तर कामगार आयुक्त कार्यालयात हेच कागद कामी येतील.

सरांशी मात्र या आठवड्यातच बोल. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, समोर बसून. म्हण, “सर, तुमचे उपकार मी विसरले नाही. पण उद्यापासून मी कुणाला तारीख सांगणार नाही. खरं काय ते सांगेन, नाहीतर फोन तुम्ही घ्या.” रिकाम्या हाताने जाऊ नकोस. पैसे थकलेल्या डेव्हलपरांचा विक्रीचा हिशेब काढून ने. थोडे थोडे करून किती आणि कधी देता येतील, ते कागदावर लिहून घे. तेही जमत नसेल तर त्या मुलाचा गेम त्याच्या स्वतःच्या स्टीम खात्यावर हलवून द्यायचं सुचव. रिव्ह्यू आणि विशलिस्ट (पुढे घ्यायचा म्हणून लोकांनी करून ठेवलेल्या नोंदी) गेमसोबतच जातात, पुढची कमाई थेट त्याला मिळेल आणि सरांच्या डोक्यावरचं देणं वाढायचं थांबेल. चांगला माणूस अडचणीत सापडला की त्याला असा एखादा रस्ता दाखवणारं कुणीतरी लागतं. तुझ्याइतकं जवळचं त्या ऑफिसात आता कोण उरलंय?

सर चिडतील, गप्प बसतील, कदाचित रडतीलही. थांब तिथे थोडा वेळ.

आणि मग त्या मुलाच्या फोनची वाट बघू नकोस. या वेळी तू कर.

— मावशी