नोकरी सांभाळून एक्सेल कसे शिकावे?

प्रश्न : मी बांधकाम साहित्याच्या एका दुकानात हिशेब सांभाळते. वय ४१. एमएस-सीआयटी २००७ साली झाली असून टॅली रोजच्या वापरात आहे. पण जीएसटीच्या कामात एक्सेल उघडावे लागले की दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. एका खासगी क्लासने सहा महिन्यांच्या डिजिटल पदविकेसाठी ३५ हजार रुपये सांगितले आहेत. घरी आजारी माणूस असल्याने रोज ठरावीक वेळी जाणे जमणार नाही. प्रवेश घ्यावा का? प्रमाणपत्राचा उपयोग होतो का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या गरजेसाठी ही पदविका घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणकाची तोंडओळख आपल्याला आहे आणि हिशेबाची जाण तर क्लासमधील अनेकांपेक्षा अधिक असेल. उणीव आहे ती एक्सेलमधील मोजक्या गोष्टींची, आणि त्यांसाठी सहा महिने व इतकी रक्कम घालण्याचे कारण दिसत नाही.

खरेदीची नोंदवही जीएसटीआर-२बी शी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दरमहा तयार होणाऱ्या यादीशी, ताडून पाहणे, हे आपले काम असावे असे मी धरून चालतो. त्यासाठी व्हीलुकअप (एका यादीतील नोंद दुसऱ्या यादीत शोधणारे सूत्र), ट्रिम (जास्तीच्या मोकळ्या जागा काढणारे सूत्र) आणि पिव्होट टेबल (नोंदींची गटवार बेरीज मांडणारा तक्ता) एवढे नीट आले तरी बरेच काम हातावेगळे होते. बिल क्रमांक वेगवेगळ्या पुरवठादारांचे सारखे असू शकतात, म्हणून जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि बिल क्रमांक जोडून दोन्ही याद्यांत एक नवा रकाना करावा व त्यावरून शोध घ्यावा. व्हीलुकअप दिलेल्या कक्षेतील पहिल्याच रकान्यात शोधते, त्यामुळे हा रकाना डावीकडे हवा. सूत्राच्या शेवटी शून्य लिहिण्यास विसरल्यास ते जवळपासची नोंद उचलते आणि चुकीचे उत्तर बिनबोभाट समोर ठेवते. एका यादीत ००४५ आणि दुसरीत ४५ असेल, किंवा क्रमांकापुढे एखादी मोकळी जागा राहिली असेल, तर बिल असूनही सापडत नाही. मोकळी जागा ट्रिमने जाते, शून्यांचा फरक मात्र स्वतः पाहून दुरुस्त करावा लागतो. सराव दुकानाच्याच जुन्या महिन्याच्या प्रतीवर करावा. व्यापाऱ्यांची माहिती बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर चढवू नये.

हे शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिब्रेऑफिस कॅल्कचे, म्हणजे एक्सेलसारख्याच एका विनामूल्य प्रणालीचे, पाठ पाहावेत. ते मराठीतही आहेत, विनामूल्य आहेत आणि बहुतेक पाठ दहा मिनिटांच्या आसपासचे आहेत. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला कॅल्क उघडे ठेवून, थांबत थांबत तीच कृती आपण करायची, अशी त्यांची पद्धत असल्याने घरातून हाक आली तर पाठ तिथेच थांबवता येतो. व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल कॅल्कमध्येही आहेत व त्यांची कार्यपद्धती तीच आहे.

प्रारंभ महिन्याच्या २० तारखेनंतर करावा. जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होते आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र, देण्यास २० तारखेपर्यंतच मुदत असते. त्या आठवड्यात नवे शिकण्यास बसल्यास शिकणेही होत नाही आणि काम मात्र चुकते. अशा वेळी खंड पडला, तर तो खंड अपयश मानू नये. नोकरदार माणसाचे शिक्षण असेच होत असते.

प्रमाणपत्राविषयी सांगायचे, तर सध्याच्या दुकानात आपले हातातले काम हीच आपली ओळख आहे. नोकरी बदलण्याचा विचार असल्यास कागद उपयोगी पडतो, आणि त्यासाठी केंद्र सरकारच्या स्वयं या व्यासपीठावरील एखादा लहान अभ्यासक्रम पाहता येईल. तेथे शिकणे विनामूल्य असून प्रमाणपत्र हवे असल्यासच परीक्षेचे शुल्क भरावे लागते; त्यावरील एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या अभ्यासक्रमांपैकी काही चार आठवड्यांचेही असतात. मात्र तेथील स्वाध्यायांना मुदत असते आणि परीक्षा ठरलेल्या दिवशी केंद्रावर जाऊन द्यावी लागते, तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची भाषा, परीक्षेची तारीख आणि जवळचे केंद्र पाहून घ्यावे.