एबीएस असलेल्या मोटारसायकलवर ब्रेक लावण्याची पद्धत वेगळी असते का?

तुम्ही विचारले आहे की, सहा महिने एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली मोटारसायकल चालवून आता एबीएस असलेली गाडी घेताना ब्रेक लावण्याची सवय बदलावी लागेल का, आणि ‘एबीएस आहे, आता बिनधास्त करकचून दाबायचे’ हा मित्रांचा सल्ला कितपत खरा आहे. शिवाय पुढच्या ब्रेकची भीती वाटते म्हणून आजवर बहुतेक वेळा तुम्ही मागच्या ब्रेकवरच भागवले आहे, असेही लिहिले आहे. माझे उत्तर असे की, ब्रेक लावण्याचा पहिला अर्धा सेकंद दोन्ही गाड्यांवर अगदी सारखाच असतो. फरक पडतो तो त्यानंतर बोटांनी काय करायचे यात, आणि तिथे दोन्ही गाड्यांच्या सवयी एकमेकींच्या बरोबर उलट आहेत.

आधी पुढच्या ब्रेकविषयी, कारण ती भीती गेल्याशिवाय बाकीचे समजून उपयोग नाही. गाडी उभी असताना तुमचे आणि गाडीचे मिळून वजन साधारण निम्मे-निम्मे दोन्ही चाकांवर असते. जोरात ब्रेक लागला की ते वजन पुढे सरकते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला कडक ब्रेक लावला, तर नेहमीच्या मोटारसायकलवर सुमारे 80 टक्के भार पुढच्या टायरवर येतो आणि मागच्या टायरवर जेमतेम 20 टक्के उरतो. टायरची रस्त्यावरची पकड त्याच्यावर पडलेल्या भारावर अवलंबून असल्यामुळे, अशा वेळी मागचे चाक फारसे काही थांबवूच शकत नाही. ते हलके झालेले असते, थोड्याशा दाबानेही जाम होते आणि फरफटत जाते. गाडी खऱ्या अर्थाने थांबवतो तो पुढचाच ब्रेक.

मात्र हा भार पुढे सरकायला थोडा वेळ लागतो. पुढचे शॉकॲब्सॉर्बर दबतात, टायर रस्त्यावर चपटा बसतो, आणि मगच त्याची पकड वाढते. हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत होते, पण तेवढा अवधी न देता लिव्हर कचकन ओढला, तर टायरवर अजून निम्माच भार असतो आणि दाब मात्र पूर्ण पडतो, त्यामुळे चाक जाम होते. पुढचा ब्रेक ‘धोकादायक’ म्हणून बदनाम झाला आहे तो या एका कारणाने. म्हणून लिव्हर ओढायचा नसतो, ओली छाटी पिळावी तसा पिळायचा असतो: सुरुवातीला हलका दाब, गाडीचे नाक खाली बसल्याचे मनगटांना जाणवले की वाढता दाब, आणि मग जितका लागेल तितका जोर. सरावाने ही सगळी क्रिया इतकी झटपट होते की पाहणाऱ्याला ती एकच हालचाल वाटते.

मला हे धडा मिळून कळले. गाडी शिकून वर्षही झाले नव्हते, पहिल्या पावसाची भुरभुर चालू होती आणि पुढची मोटार अचानक थांबली. मी चारही बोटांनी पुढचा लिव्हर मुठीत आवळला. टायरचा आवाजही आला नाही. हँडल एकदम हलके झाले, जणू खाली चाकच नाही, आणि पुढच्या क्षणी मी उजव्या अंगावर रस्त्यावर होतो. वेग 35 च्या आसपास असेल. नंतर शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की मोटारीपर्यंत पुरेसे अंतर होते. ते वापरण्याची रीत माझ्या हाताला ठाऊक नव्हती.

अंतर किती लागते, हे आकड्यांत पाहून ठेवा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला साधारण 17 मीटर जाते, म्हणजे धोका दिसल्यापासून बोटे लिव्हरवर आवळेपर्यंत एक सेकंद धरला, तरी तेवढे अंतर ब्रेक न लागताच संपते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर सरावलेला चालक आणखी सुमारे 20 मीटरमध्ये थांबतो. बिचकत, अर्धवट जोराने ब्रेक लावणाऱ्याला तेच थांबायला सुमारे 35 मीटर लागतात. पहिला जिथे पूर्ण थांबलेला असतो, त्या जागेवरून दुसरा अजून ताशी जवळजवळ 40 च्या वेगाने जात असतो. वेग 80 असला, तर सरावलेल्यालाही निव्वळ ब्रेकसाठी 35 मीटर हवेत, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता तुमच्या सध्याच्या, एबीएस नसलेल्या गाडीकडे येऊ. इथे चाक जाम होण्याच्या किंचित अलीकडे दाब धरून ठेवणे हे कौशल्य आहे. वेग उतरत असताना मागचे चाक हलके होत जाते, म्हणून पुढचा दाब वाढवत असताना पायाचा दाब मात्र किंचित कमी करत जावा लागतो. क्लच दाबलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला, गुडघे टाकीला घट्ट आणि कोपर सैल असावेत. हात ताठ ठेवले की शरीराचा सगळा भार हँडलवर येतो आणि गाडी सरळ राहत नाही. नजर समोर दूर ठेवावी, कारण ती चाकापाशी खिळली की गाडीही डगमगू लागते. पुढचे चाक जाम झालेच, तर लिव्हर तत्काळ सोडून पुन्हा पिळायचा; सावरायला एका सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो, कारण फिरणे थांबलेले चाक तोल राखत नाही आणि दिशाही देत नाही. मागचे चाक जाम झाल्यावर मात्र थोडा विचार लागतो. गाडी सरळ रेषेत असेल, तर पाय हलका केला की चाक पुन्हा फिरू लागते. पण मागचा भाग एका बाजूला घसरून गाडी तिरकी झाली असेल, तर पाय एकदम उचलू नये, कारण चाकाला अचानक पकड मिळून गाडी झटक्यात सरळ होते आणि चालकाला उडवून टाकते. त्या स्थितीत मागचा ब्रेक तसाच धरून थांबणे अधिक सुरक्षित असते.

एबीएस यातले एकच काम स्वतःकडे घेते, ते म्हणजे जाम होऊ पाहणारे चाक मोकळे करणे. चाकाच्या मध्याजवळ खाचा असलेली एक चकती असते आणि तिच्यालगत सेन्सर. त्यावरून चाकाचा वेग सतत मोजला जातो. गाडीच्या मानाने चाकाचा वेग अवाजवी झपाट्याने पडू लागला, की झडप त्या चाकाच्या ब्रेकमधला दाब कमी करते, चाक फिरू लागले की पुन्हा वाढवते, आणि हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. 1988 मध्ये बीएमडब्ल्यूने के 100 मालिकेतील गाडीवर, म्हणजे मोटारसायकलवर, इलेक्ट्रॉनिक एबीएस पहिल्यांदा दिले. तेव्हाची यंत्रणा बोजड होती, आजची हातात मावते, पण मूळ कल्पना तीच आहे.

ही यंत्रणा काम करू लागली की लिव्हरमध्ये आणि पेडलमध्ये थरथर जाणवते, कधी खडखड आवाजही येतो. नवा चालक इथेच चुकतो. काहीतरी बिघडले असे वाटून त्याची बोटे आपोआप सैल होतात, आणि गाडी सर्वांत चांगली थांबत असतानाच ब्रेक सुटतो. एबीएस असलेल्या गाडीवर थरथर म्हणजे ‘धरून ठेवा’ असा निरोप समजावा, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत दाब तसूभरही कमी करू नये. जुन्या गाडीवरची दाबून-सोडून पुन्हा दाबण्याची सवय इथे सोडून द्यावी लागेल.

मित्रांच्या सल्ल्यात म्हणूनच अर्धेच सत्य आहे. करकचून दाबले तर एबीएस तुम्हाला पडू देणार नाही हे सरळ रस्त्यावर खरे. पण भार पुढे यायच्या आत कचकन दाबले, तर चाक लगेच जाम होऊ पाहते, यंत्रणा दाब सोडते, आणि तेवढ्यात काही मोलाचे मीटर वाया जातात. आधी पिळणे आणि मग पूर्ण जोर लावून धरून ठेवणे, हा क्रम एबीएस असतानाही पाळावा.

वळणाची गोष्ट निराळी आहे, आणि याबाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कललेल्या गाडीच्या टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होत असते, ब्रेकसाठी थोडीच उरते. साधे एबीएस गाडी किती कलली आहे हे जाणत नाही. कल मोजून दाब ठरवणारी यंत्रणा काही महागड्या गाड्यांवर असते, पण तुमच्या नव्या गाडीवर ती आहे असे गृहीत धरू नका. वेग वळणाच्या आधीच उतरवावा, आणि मध्येच थांबायची वेळ आली तर गाडी शक्य तितकी सरळ करून मग जोर लावावा. सैल खडीवर एबीएसमुळे थांबायचे अंतर वाढूही शकते, आणि सांडलेल्या तेलावर तर कोणतीच यंत्रणा पकड निर्माण करू शकत नाही. गाडी घेण्याआधी हेही विचारून घ्या की एबीएस दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या. फक्त पुढच्या चाकाला असेल, तर मागचे चाक पूर्वीसारखेच जाम होणार. एबीएसचा दिवा गाडी सुरू केल्यावर पेटतो आणि थोडे पुढे गेल्यावर विझतो. तो पेटलेलाच राहिला, तर साधे ब्रेक बहुधा चालू असतात, पण एबीएस नाही असे समजूनच गाडी चालवावी.

सरावासाठी मोकळी, कोरडी, सपाट जागा निवडा, टायरमधली हवा तपासा आणि पूर्ण संरक्षक पोशाख घाला. ताशी 30 पासून सुरुवात करून एका ठरलेल्या खुणेपाशी ब्रेक लावा आणि कुठे थांबलात ते पाहा. दहा-बारा वेळा सुबक जमल्यावरच वेग 40 आणि मग 50 करा. सध्याच्या गाडीवर पुढचे चाक मुद्दाम जाम करून पाहू नका. नवी गाडी आली, की सरळ रेषेत, कमी वेगात आधी (मागच्या चाकालाही एबीएस असेल तर) फक्त मागचा ब्रेक जोरात दाबून पेडलची थरथर अनुभवा, त्यानंतर पुढचा. ती जाणीव पायाला आणि बोटांना आधीच ओळखीची झाली, की प्रत्यक्ष प्रसंगी हात सैल पडत नाही.

आणि जुनी गाडी घरातच राहणार असेल, तर तिच्यावर बसताना दर वेळी निघण्याआधी एक-दोन वेळा हळू वेगात ब्रेक पिळून पाहा. थरथर जाणवली तरी न सोडण्याची सवय नव्या गाडीवर जितकी पक्की होईल, तितकीच ती जुन्या गाडीवर, जिथे जाम झालेले पुढचे चाक सोडावेच लागते, तुम्हाला महागात पडू शकते.