गोल्फचा ड्रायव्हर जरा बॅगेतच राहू दे

गोल्फच्या नियमाने बॅगेत १४ क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, चालतात, म्हणून १४ घ्यायलाच हवेत असं नाही. तुला सध्या मधल्या अंतराला सेव्हन आयर्न, जवळून चेंडू उचलायला एक वेज आणि होलमध्ये ढकलायला पटर पुरे. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, हाणायला मजा येते, कबूल. मीही दोन वर्षं तेच केलं आणि स्कोअर जागचा हलला नाही. पार ७२ च्या, म्हणजे १८ होलना ७२ फटके धरलेल्या, कोर्सवर हिशोबच प्रत्येक होलला पटरच्या दोन फटक्यांचा (पट), म्हणजे ३६ फटके ग्रीनवरच, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर! तेव्हा निम्मा वेळ पटिंगला दे. तीन फुटांवरून सलग दहा गेले की एक पाऊल मागे सरक. पावसाळ्यात ग्रीन ओलं असतं, चेंडू अडतो. थोडा जोर लाव. १८ होलचा हट्टही नको. सकाळी ९ होल खेळ, चहा घे, घरी जा. हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट, ५४ पर्यंत मिळतो, लाजतोस कशाला?