उत्तर अ‍ॅपला येतं, मला येत नाही

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचे निकाल लागले की जळगावात माझ्याकडे तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "मॅडम, बारावीला गणितात बरे मार्क होते, मग एम-वन कसा राहिला?" एम-वन म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित. बहुतेकांनी तोवर 'माझं डोकंच गणिताचं नाही' असं ठरवूनही टाकलेलं असतं. ते खरं नसतं.

अमळनेरकडचा एक मुलगा आला. शाळा मराठी माध्यमाची. थोडा मोकळा झाल्यावर अहिराणीतच म्हणाला, "माले काईच समजत नही."

"गणित अडलं की काय करतोस?"

"फोटो काढतो. अ‍ॅप पायऱ्यांसकट उत्तर देतं. वहीत उतरवतो."

"तेव्हा समजतं?"

"तेव्हा समजतं. पेपरात पहिली ओळच सुचत नाही."

दुसऱ्याने सोडवलेलं वाचून पटणं आणि कोऱ्या कागदावर स्वतःला सुचणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्याचा सराव फक्त पहिल्या गोष्टीचा होता. माझं बरंचसं काम याच एका मुद्द्यावर उभं आहे.

मोबाइल उपडा ठेवायला लावून मी म्हटलं, "एक्सचा घन वजा तीन एक्स. आलेख कसा असेल? अंदाजाने काढ."

"चुकेल."

"चुकू दे."

त्याने सरळ वर चढत जाणारी रेघ काढली. मग आलेख काढून दाखवणारं जिओजेब्रा हे अ‍ॅप उघडायला लावलं. ते फुकट आहे, मोबाइलवर चालतं. वक्र वजा एकपाशी दोनपर्यंत चढला, तिथून वळून एकपाशी वजा दोनपर्यंत उतरला आणि पुन्हा वर निघाला. त्याने वक्रावर स्पर्शिका, म्हणजे वक्राला एका बिंदूत टेकणारी रेघ, काढली आणि बिंदू बोटाने सरकवू लागला. वजा एकपाशी बोट थांबलं. मागे गेलं, परत तिथेच आलं.

"मॅडम, रेघ आडवी झाली! म्हणून डेरिव्हेटिव्ह शून्य धरतात?"

बारावीपासून तो डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या रेघेचा चढ, शून्य धरून एक्स काढत आला होता. कशासाठी, ते आज त्याला दिसलं, आणि तेही आधी स्वतःचा अंदाज चुकला म्हणून. मला त्या क्षणाचं आजही समाधान वाटतं.

पुढे आम्ही एवढंच ठरवलं: आधी पेन्सिल, मग मोबाइल. अडलंच तर अ‍ॅपची एकच पायरी बघायची, बंद करायचं, पुढचं आपण करायचं. तेच गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर पुन्हा. इंग्रजीतलं शिकवणं पळतं वाटत असेल, तर एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत ऑनलाइन व्याख्याने थांबवत, मागे घेत ऐकायची. त्याचा एम-वन पुढच्या परीक्षेत निघाला.

पालकांनो, मोबाइल हिसकावून घेऊ नका. त्याऐवजी वही मागा आणि तिच्यात खोडलेला, चुकलेला पहिला प्रयत्न आहे का ते बघा.