दारव्ह्याजवळच्या खेड्यातून सिमच्या राउटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. पोर्ट २५५६५ उघडूनही नागपूरचा मित्र जोडला जात नाही. काय करू?

पोर्टचा नाद सोडा, दोघांनीही टेलस्केल (दूरचे संगणक एका खाजगी जाळ्यात जोडणारं ॲप) टाका आणि मित्राला त्यातला तुमचा पत्ता द्या. सिमवरच्या इंटरनेटला बहुतेकदा स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही. कंपनी एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटते, त्याला सीजीनॅट म्हणतात. म्हणून बाहेरून येणारी जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. खात्री करायची तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) पाहा: १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर जवळपास नक्की तेच. (टेलस्केलचे पत्तेही याच पट्ट्यातले असतात, गोंधळू नका.) आर्वीकडच्या आमच्या गावात असंच जमलं. मात्र पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) याने कमी होणार नाही. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की खेळ अडकणारच.