वाचक विचारतात : मणिभवन नीट पाहायचे तर

प्रश्न : डोंबिवलीहून मुले आणि सासूबाईंसह मुंबईचे मणिभवन हे गांधी संग्रहालय पाहायचे आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. कसे जावे, काय चुकवू नये?

उत्तर : दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी धरा. प्रत्येक जलद गाडी ग्रँट रोडला थांबत नाही! ग्रँट रोडला पश्चिमेकडे उतरा, नाना चौकातून गावदेवीतला लॅबर्नम रोड विचारा. सासूबाईंसाठी स्टेशनवरूनच टॅक्सी करा, त्यांची ताकद जिन्यासाठी राहू द्या.

घर गांधीजींचे मित्र रेवाशंकर जगजीवन झवेरींचे. १९१७ ते १९३४ गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथेच असे. तळमजल्यावर ग्रंथालय आहे, पण त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. गादी, चरखे, बुटके मेज, सगळे काचेपलीकडून पाहायचे. फ्लॅश मारलात तर फोटोत काचेवरचा उजेडच येईल. भिंग काचेला टेकवून काढा.

मुले रमतात ती याच मजल्यावरच्या छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांत. गांधीजींचे आयुष्य तिथे प्रसंगवार मांडले आहे. घाईने फिरलात तर क्रम हरवतो आणि नुसत्या बाहुल्या उरतात, म्हणून पाट्या वाचून दाखवा. गच्चीची गोष्टही सांगा : ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गांधीजींना अटक झाली ती तिथल्या तंबूतून.

सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात. निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्या. हाताशी वेळ उरला तर ऑगस्ट क्रांती मैदान जवळच आहे.