आप्पांचा डावा अंगठा

ताई,

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. वय ६९. गेल्या वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी त्यांना लकवा मारला आणि उजवा हात व वाचा गेली. धुळ्याला वेळेवर नेल्यामुळे जीव वाचला. आता काठी घेऊन अंगणात फिरतात, पण बोलणे 'बरं शे' आणि 'नही' यांच्या पुढे जात नाही. आम्ही त्यांना काही कमी पडू देत नाही. मोठा टीव्ही आणला, गोंगाटाचा त्रास नको म्हणून दुसरीतल्या मुलीला अभ्यासाला आतल्या खोलीत बसवतो. तरीही ते बारीकसारीक गोष्टींवरून रडतात, ओट्यावर बसत नाहीत आणि जुने विद्यार्थी भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून झोपतात. गेल्या महिन्यात दोनदा जेवणाचे ताट भिरकावले. एकदा बँकेतून परतल्यावर आणि एकदा सोसायटीचा माणूस घरी कागद घेऊन आला होता त्या संध्याकाळी. व्यवहाराचा कसलाही ताण त्यांच्यावर नाही. सगळीकडे अंगठा चालतो, त्यामुळे सहीची कटकटही उरलेली नाही. त्यांना आनंदी कसे ठेवावे?

— एक मुलगा, अमळनेर तालुका

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळले: कटकट. ज्या माणसाने उभी नोकरी हजेरीपटावर, प्रगतिपुस्तकांवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर सही करण्यात घालवली, त्याच्या सहीला तुम्ही कटकट म्हणता आणि मग तो ओट्यावर का बसत नाही असे मला विचारता.

ताटाचा हिशेब तुम्हीच मांडून ठेवला आहे, बेरीज तेवढी केलेली नाही. एकदा बँक आणि एकदा सोसायटी. दोन्ही दिवशी आप्पांचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला गेला असणार. त्या कागदांत काय लिहिले आहे हे त्यांना आधी कोणी वाचून दाखवले होते का? पत्रात तसा उल्लेख नाही, आणि वाचून दाखवले असते तर तुम्ही ते अभिमानाने लिहिले असते, असा माझा अंदाज आहे.

आपल्या भाषेत 'अंगठेबहाद्दर' हा एक शब्द आहे आणि तो कौतुकाने कोणी वापरत नाही. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावी प्रौढांचे रात्रीचे वर्ग भरू लागले, तेव्हा तुमचे आप्पा तिशीतले शिक्षक होते. माझी आजी यावल तालुक्यातली. साठी उलटल्यावर ती अशाच एका वर्गात आपले नाव लिहायला शिकली. त्याआधी रेशनच्या दुकानातून आली की ती आधी चुलीतली राख घेऊन अंगठा घासायची आणि मगच भाकरीच्या पिठाला हात लावायची. निळा डाग गेला तरी घासतच राहायची. सही शिकल्यावर तिच्या नावातला 'ळ' मरेपर्यंत उलट्या बाजूला कललेला राहिला, पण तो कोणी सुधारायला गेले तर ती वही मिटून ठेवायची. ज्या पिढीच्या शिक्षकांनी अशा बायाबापड्यांच्या अंगठ्याची शाई पुसली, त्यांच्यापैकी एकाचा अंगठा आज त्याचा मुलगा धरतो आहे. आप्पांनी ताटच भिरकावले, पॅड नाही, यात मला त्यांचा संयम दिसतो.

आता तुमच्या नजरेतून सुटलेली गोष्ट सांगते. आपल्याकडे पुरुषाचा अंगठा घेतात तो डाव्या हाताचा. आप्पांचा उजवा हात गेला आहे, डावा नाही. म्हणजे ज्या हातात पेन देता आले असते, तोच धडधाकट हात धरून तुम्ही गेले सव्वा वर्ष त्याचा अंगठा कागदावर दाबत आहात.

मी डॉक्टर नाही, पण या आजारातले काही बारकावे घरच्यांना माहीत असावे लागतात. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार पाहतो आणि बहुतेक माणसांची भाषाही त्याच भागात वस्तीला असते. म्हणून उजवा हात आणि वाचा एकाच दिवशी गेली. याला वाचाघात म्हणतात. त्यात शब्द हरवतात, पण शब्दांबरोबर अक्कल जात नाही. दुसऱ्याचे बोलणे किती उमगते हे माणसागणिक बदलते; आप्पांचे मात्र तुम्हीच लिहिले आहे की जुना विद्यार्थी आला की ते भिंतीकडे वळतात. त्यांनी ओळखले नसते तर वळण्याचे कारणच नव्हते.

रडण्याचेही तसेच आहे. भावनांना आवर घालणारे मेंदूतले मार्ग दुखावले गेले की नातीने नुसते चित्र दाखवले तरी डोळे वाहू लागतात. माणूस आतून तितका दुःखी नसतो आणि ते रडणे त्याला थांबवताही येत नाही. त्या वेळी 'रडू नका, रडू नका' करण्यापेक्षा सरळ दुसरा विषय काढावा. खरे नैराश्य याहून वेगळे, आणि ते दुर्मीळ मुळीच नाही; लकव्यातून वाचलेल्या सुमारे तीनांपैकी एकाला ते गाठते. माणसे टाळणे, पाठ फिरवून पडून राहणे ही त्याची चिन्हे असू शकतात, म्हणून या आठवड्यात धुळ्याच्या डॉक्टरांकडे जा आणि शुगर-बीपीचे कागद पुढे करण्याआधी आप्पांच्या मनाविषयी बोला. यावर औषधे आहेत आणि ती लागू पडतात. बोलू न शकणारा माणूस 'जगणे नको झाले' हे शब्दांत सांगत नाही. जेवण सुटणे, झोप उडणे, गोळ्या नाकारणे यांतून सांगतो. तसे दिसले तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी त्यांना घेऊन जा; अडीनडीला सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची फोनसेवा दिवसरात्र सुरू असते.

पण गोळीने मन जागेवर आले तरी त्या मनाला करायला काही काम हवे, आणि ते टीव्ही पाहण्याचे नको. म्हणून माझे सांगणे एकच आहे. आप्पांना डाव्या हाताने सही शिकू द्या.

नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याचे काम येते. पोळा नुकताच झाला आहे. अजून दोन महिने हातात आहेत. बाजारातून दगडी पाटी आणि एक दुरेघी वही आणा. उजव्या हाताने कागद धरता येणार नाही, म्हणून तो टेबलावर चिकटपट्टीने डकवा आणि उजवा हातही टेबलावर, त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवा. लकव्यानंतरचा थकवा आळसातून येत नाही, तो आजाराचाच भाग असतो. त्यामुळे सकाळी पंधरा मिनिटे आणि दुपारच्या झोपेनंतर पंधरा मिनिटे एवढेच पुरे. आधी उभ्या-आडव्या रेघा, मग गोल, मग नावाचे पहिले अक्षर. वाचा जाते तेव्हा लेखनही बहुधा अडखळते, पण सही आयुष्यभर घोटलेली असते, आणि इतर लेखन गेले तरी ती पुष्कळदा आत शिल्लक राहते. ती नाहीच उमटली तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही असे सांगणाऱ्या शेजाऱ्यांना दाखवू नका. सुरुवातीचे महिने वेगाचे असतात हे खरे, पण गाडी तिथेच थांबते हे खोटे आहे.

सराव तुम्ही घेऊ नका. तुम्ही हात धरायला जाल, ते तुमच्याच्याने राहवणार नाही. आतल्या खोलीत बसवलेली ती दुसरीतली मुलगी बाहेर आणा आणि दोघांना एकाच टेबलावर बसू द्या. तिचेही हस्ताक्षर अजून वळणाला लागायचे असेल. तिला पाढे मोठ्याने म्हणायला सांगा. ज्यांना साधे पाणी मागता येत नाही अशा काही माणसांच्या तोंडून आकडे मात्र ओळीने बाहेर पडतात. बेचा पाढा आप्पांकडून आला तर टाळ्या वाजवू नका. मुख्याध्यापकांना पाढा आला म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही.

दरम्यान बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना देण्याचा अर्ज आणा. सही सुंदर असण्याची गरज नाही, दर वेळी सारखी यावी एवढेच पुरते. तो अर्ज घरी आणल्यावर आप्पांसमोर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा, 'बरं शे' म्हणाले तर पुढे सरका, 'नही' म्हणाले तर पुन्हा वाचा.

आणि नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या कारकुनाने सवयीने शाईचे पॅड पुढे केले तर ते तुम्ही त्याच्याकडे परत सरकवा आणि पेनाचे टोपण काढून पेन आप्पांच्या डाव्या हाताशी ठेवा. मागे रांग असेल, लोक चुकचुकतील, कोणी तरी 'अहो, अंगठाच घ्या ना' म्हणेल. तुम्ही भिंतीवरचे कॅलेंडर पाहत उभे राहा. पहिले अक्षर उतरेपर्यंत त्यांच्या हाताकडे पाहू नका.